भट्टीमागची भिंत

खोली बदल, खोली बदल! पहिल्याच उन्हाळ्यात जो तो तिला हेच सांगायचा. सांगणार नाहीत तर काय? जन्म गेला थंड डोंगरात आणि बाईने खोली घेतली ती नेमकी बेकरीच्या वर. पलंगामागच्या भिंतीतून भट्टीचं धुराडं वर गेलेलं. हात टेकला तर चटका बसायचा. ओला टॉवेल डोक्यावर घेऊन ती जिन्यात झोपायची, पण खोली सोडेल तर शपथ. "उन्हाळा आधी जाईल, मी नाही," म्हणायची.

वह्या बांधायच्या कारखान्यात तिला सगळे 'पाहुणी' म्हणत. एक पावसाळा काढेपर्यंत नवं माणूस पाहुणंच, अशी तिथली रीत. फळीवर प्रत्येकाचा स्टीलचा ग्लास असायचा. चहाला हिच्यासमोर मात्र कपबशी. मान म्हणे! कसला डोंबलाचा मान? तिला त्या कपाची चीड यायची.

मग पाऊस लागला, आणि बाईने घोळ घातला. तिच्या गावाकडे खळ लावलेली वही वाऱ्यावर उभी करून वाळवतात. शनिवारी तिने शाळेची ऐंशी रजिस्टरं तशीच खिडकीशी उभी केली. इथला वारा कसला, निम्मं पाणीच ते! रविवारी सकाळी पाहते तर पुठ्ठे धनुष्यासारखे वाकलेले. पुठ्ठे दाबायच्या शिकंज्यात एका वेळी वीसच मावायची, आणि दमट हवेत तीही सुकेनात.

"उद्या शाळेची गाडी येईल," मालक म्हणाले. "माल परत गेला, तर तूही गावाकडे परत जा. उगाच जिवाला त्रास कशाला?"

 ती आतून पेटली.

नेमका तेव्हाच धाकटा भाऊ कारखान्याच्या दारात आला. चिंब भिजलेला, खिशात दोन तिकिटं.

"ताई, उद्या चारची गाडी आहे. पुरे झाला हट्ट. आई वाट बघतेय."

"आलास? बरं झालं. हात पुढे कर."

त्याने हात पुढे केले, तिने त्यावर दहा रजिस्टरं ठेवली. ताडपत्रीखाली तिच्या खोलीपर्यंत आठ खेपा झाल्या. बेकरीवाल्याला तिने खालूनच ओरडून विचारलं, "आज भट्टी चालू ना?"

"पावसात लोक उपाशी राहतात का, बाई?"

पलंगाच्या फळ्या काढल्या. भट्टीच्या भिंतीलगत थप्प्या रचल्या, वर फळ्या, फळ्यांवर विटा. तासातासाला थप्प्या फिरवायच्या, नाहीतर एकच बाजू भाजायची. भाऊ घामाघूम झाला, कुरकुरला, पण विटा उचलत राहिला.

सोमवारी मालकांनी एकेक रजिस्टर टेबलावर ठेवून चारही कोपरे दाबून पाहिले. एकही कोपरा उचलेना.

"वाळवलीस कुठे?"

"जी खोली सोड म्हणत होतात ना, तिथेच."

शाळेची गाडी माल घेऊन गेली. चहा आला. सवयीने तिच्यासमोर कपबशी आली. तिने ती उचलून भावापुढे सरकवली आणि फळीवरचा एक रिकामा ग्लास स्वतःच काढून घेतला.

"अगं, पावसाळा संपायचाय अजून," मालक म्हणाले.

"संपू दे त्याला सावकाश. आणि पाहुणा हा आहे. याची चारची गाडी आहे."