पाचवी ओळ

ऑफिसात सगळेच त्यांना मामा म्हणायचे. बाकीचे म्हणायचे ते धाकाने, जावई म्हणायचा तो नात्याने.

कंपनीची स्वतःची एक प्रोग्रामिंगची भाषा होती. त्या भाषेतले प्रोग्राम ज्याच्या जिवावर चालतात तो रनटाइम बांधून गिऱ्हाइकाला द्यायचं काम मामा एकोणीस वर्षं करत होते. हातभर सुतळी मागणाऱ्याला अख्खं दुकान पाठवायचे. नव्या मॅडम आल्या आणि म्हणाल्या, हे गाठोडं सोडा, त्यातली मॉड्यूल, म्हणजे सुटे भाग, वेगवेगळी करा, ज्याला जेवढं लागतं तेवढंच द्या.

"आणि रनटाइमची ही बांधणी, हा बिल्ड, आजवर फक्त मामांच्या मशीनवर होतो," चहा ढवळत त्या म्हणाल्या. सासरा आणि जावई दोघेही समोर बसले होते. "तो कोऱ्या मशीनवर झाला पाहिजे. जावईबापू, दोन आठवडे तुमचे. जमलं, तर मामांचं काम उरत नाही. नाही जमलं, तर तुमचं. एका कामाला दोन माणसं मला परवडत नाहीत."

एवढं बोलून त्यांनी चहा प्यायला. मामांनी जावयाकडे पाहिलं. तीन वर्षांपूर्वी त्यांनीच शब्द टाकून त्याला इथे चिकटवला होता. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं ते मनात म्हणाले, आणि दांडा कोण हे त्यांनी लगेच ठरवूनही टाकलं.

जावई बिचारा सरळ. सकाळी कोऱ्या मशीनवर बिल्ड लावायचा, दुपारपर्यंत तो आपटायचा. कुठल्या मॉड्यूलला कुठलं लागतं हे कोड वाचून सांगणारं टूल होतं, पण काही मॉड्यूल त्याला दिसतच नाहीत. प्रोग्राम चालू असताना गरज पडली की त्यांना नुसती नावाने हाक मारली जाते. अशांची यादी हाताने लिहावी लागते. मामांनी ती कधी लिहिलीच नव्हती. पहिल्या वर्षी घाईगर्दीत त्यांनी तसली पाच मॉड्यूल स्वतःच्या मशीनवरच्या एका फोल्डरमध्ये कोंबली आणि उद्या नीट करू म्हणाले. तो उद्या काही उजाडला नाही. बिल्ड गुपचूप त्या फोल्डरमधून माल उचलायचा, आणि लोक म्हणायचे, मामांच्या हाताला यश आहे. त्या मशीनला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

चार मॉड्यूल जावयाने ठेचा खात शोधली. पाचवं सापडणं कठीण होतं. टाइप केलेल्या नावात साध्या इंग्रजी अक्षरांपलीकडचं, डोक्यावर टिंब असलेलं किंवा शेपूट फुटलेलं एखादं अक्षर आलं, तरच त्याला हाक जायची. चाचण्यांमधली सगळी नावं साधी. त्यामुळे बिल्ड झाला, चाचण्या झाल्या, सगळं हिरवंगार.

रविवारी मामा लेकीकडे जेवायला गेले. लेकीला सातवा महिना होता. पाय वर घेऊन बसली होती.

"बाबा, त्याला मदत करताय ना?"

"म्हणजे काय! माझा जावई आहे तो."

"आणि तुमचं काय होईल मग?"

"माझं काय, पिकलं पान."

जावयाने ताटावरून उठून लॅपटॉप आणला. "मामा, ही यादी. उद्या गिऱ्हाइकाकडे बिल्ड चालवून दाखवायचा आहे. एकदा नजर टाका. काही राहिलं असेल तर तुम्हालाच दिसेल."

यादीत चार ओळी होत्या. पाचवी मामांच्या जिभेवर होती. लेक त्यांच्याकडे बघत होती, पोटावर हात ठेवून. मामांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, ओळींवरून बोट फिरवलं.

"छान झालंय. जाऊ दे पुढे."

आणि मूग गिळून ते भात कालवायला लागले. भात त्यांना गोड लागला, हेही सांगायला हवं.

गिऱ्हाइकाच्या ऑफिसात दहा-बारा जण जमले होते. मामा मागच्या खुर्चीत बसले होते. प्रोग्राम सुरेख चालला. मग तिथली एक कारकून बाई हौसेने पुढे आली आणि तिने स्वतःचं नाव टाइप केलं. तिच्या पोर्तुगीज वळणाच्या नावात शेपटीचं अक्षर होतं. पडदा काळा झाला.

जावई तीनदा प्रयत्न करत राहिला, तीनदा ती बाई "माझं काही चुकलं का हो?" म्हणाली. मामांना छातीत ऊब वाटली. लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही. संध्याकाळपर्यंत जावयाचं ओळखपत्र जमा झालं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मामांना बोलावलं. "आता तुम्हीच दाखवा बघू."

इथे मामा चुकले. आठवडाभर डोकं धरून बसले असते, तर वर्ष निघालं असतं. पण एकोणीस वर्षांचा उस्ताद, त्याला दहा मिनिटं पुरतात हे दाखवायची खाज दाबता येईना. ते कोऱ्या मशीनसमोर बसले, यादीत पाचवी ओळ लिहिली, बिल्ड लावला, शेपटीचं अक्षर टाइप करून दाखवलं आणि खुर्ची वळवून हसले.

"एवढंच होतं?" मॅडमनी विचारलं.

"एवढंच."

"म्हणजे आता हे कुणीही करू शकेल."

मामांचं हसू तोंडावर तसंच राहिलं. मॅडमनी ओळखपत्रासाठी हात पुढे केला.

तिथून ते थेट लेकीकडे गेले. आपलीही नोकरी गेली हे ऐकून ती हळहळेल, असं त्यांना वाटलं होतं. जावयाने उठून खुर्ची दिली, पाणी आणलं.

"मामा, नक्की राहिलं काय होतं हो? मला रात्रभर झोप नाही."

"एक ओळ. अक्षरांच्या मॉड्यूलची."

"तुम्हाला ठाऊक होती, बाबा?" लेकीने विचारलं.

"काहीतरीच काय!" जावईच मध्ये बोलला. "ठाऊक असती तर रविवारी सांगितली नसती का त्यांनी?"

मामांनी पाण्याचा घोट घेतला. लेक त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. लहानपणापासून ते तोंड तिला पाठ होतं.

"आपलं बाळ झालं ना," ती नवऱ्याला म्हणाली, "की यांना कळवायचं नाही."