खारूताईच्या दाराखालची पाचर

मी एक जुनी पाचर आहे, मित्रांनो. दार बाहेरून ढकललं तरी उघडू नये म्हणून त्याच्या फटीत सारतात ना, तो लाकडाचा उतरता तुकडा. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला जवळजवळ नाहीच. आता माझ्या कडा झिजल्या आहेत, बुडाचं रबर सोलवटलं आहे. तरी जिन्यात पाऊल वाजलं की मी अजून कान टवकारते. निवांत बसणं मला कधी जमलंच नाही. कसं जमणार? माझा जन्मच काळजीपोटी झाला.

मला घडवलं ते आजोबा सुतार होते. त्यांची लेक कारखान्यांत यंत्रं बसवून द्यायला देशोदेशी जायची. एकदा तिला अशा शहराचं काम आलं, की त्याचं नाव काढताना माणसं उगाच आवाज खाली आणायची. मग काय, येईल तो सल्ला देऊन जाई. अंगठी घरी ठेव. फोन हातात मिरवू नकोस. बॅग पाठीला नको, पोटाशी धर. भर रस्त्यात नकाशा उघडून उभी राहू नकोस. लेक सगळ्यांना हो हो म्हणत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता.

आजोबांनी सल्ला दिला नाही. ते आपल्या सुतारकामाच्या कारखान्यात गेले, जुन्या उंबऱ्याचा उरलेला तुकडा शोधला, कापला, रंधा मारून तासला आणि मी घसरू नये म्हणून माझ्या बुडाला सायकलच्या ट्यूबचं रबर चिकटवलं. मला दाराखाली सारून ते खिडकीतून बाहेर उतरले आणि बाहेरून खांद्यानं दार ढकलू लागले. ते जितकं ढकलत, तितकी मी घट्ट बसत गेले. "आता ढकला म्हणावं," ते स्वतःशीच म्हणाले. गुडघा सोलवटला होता, पण चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

त्यानंतर मी किती दारांखाली बसले! गुळगुळीत फरशी, मऊ गालिचा, कुरकुरणारी लाकडी जमीन. एका दुपारी कुणीतरी बाहेरून मूठ फिरवली, कुलूप उघडलं आणि दार ढकललं. मी हलले नाही. पुन्हा धक्का आला. मी हलले नाही. पावलं निघून गेली. त्या दिवसापासून लेक मला उशीजवळ घेऊन झोपू लागली. पाचरीला यापेक्षा मोठं कौतुक काय हवं?

मग घरात खारूताई आली, त्या लेकीची लेक. नाव दुसरंच होतं, पण चालायच्या आधी ती कपाटावर चढायला शिकली, म्हणून सगळे खारूताईच म्हणत. तिचे बाबा जहाजावर, आजोबांचे गुडघे गेलेले. त्यामुळे पुन्हा त्याच शहराचं काम आलं, तेव्हा आईनं तिला बरोबर न्यायचं ठरवलं. निघण्याआधी आजोबांनी नातीला मांडीवर घेतलं आणि मला तिच्या हातात दिलं.

"आई बाहेर गेली की ही दाराखाली सारायची. टाचेनं ठोकायची. आणि कुणी अगदी आईच्या आवाजात हाक मारली ना, तरी दार उघडायचं नाही."

"खऱ्या आईनं मारली तर?" खारूताईनं विचारलं.

"आधी ठोकून दाखव बरं," आजोबा म्हणाले.

तिनं अशी ठोकली की आजोबा खूश झाले. प्रश्न तसाच राहिला. मला काढायचं कसं, तेही शिकवायचं राहून गेलं.

त्या शहरात आम्ही एका जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावर राहायला होतो. पुढे गॅलरी, खाली अरुंद रस्ता. कोपऱ्यावर एक माणूस दिवसभर मोटरसायकलला टेकून उभा असे. हातावर गोंदलेलं, नजर सगळीकडे. आईनं त्याचं नाव टोळीवाला ठेवलं होतं. तो दिसला की ती खारूताईचं बोट घट्ट धरून भरभर पुढे निघे. त्यातच बाजारात कुणीतरी आईची बॅग ब्लेडनं कापली. पाकीट तेवढं वाचलं. ती सारखी उठून कडी बघायची, पाणी पिऊन पुन्हा कडी बघायची. तिच्याबरोबर मीही अस्वस्थ.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध संपलं. दुकान कोपऱ्याच्या पलीकडे. लेकराला घेऊन टोळीवाल्यासमोरून जायचं, की तिला खोलीत ठेवायचं? आईनं दोनदा चप्पल घातली, दोनदा काढली. शेवटी तिनं गॅलरीचं दार लोटलं, खारूताईपुढे चित्रं काढायला कागद ठेवला आणि म्हणाली, "ही गेले आणि ही आले. पाचर लाव." खारूताईनं मला टाचेनं ठोकलं. अगदी आजोबांनी शिकवलं तसं.

आई खरंच लगेच आली. किल्ली फिरली. "खारू, मी आलेय, पाचर काढ."

खारूताई उभी राहिली. माझ्याकडे बघितलं. मग दाराकडे. आणि अगदी शहाण्या आवाजात म्हणाली, "तू आईच्या आवाजात बोलतेयस."

मित्रांनो, बाहेर आधी हसू फुटलं. मग समजावणं, मग दटावणं. आईचा आवाज चढला तसा तो खारूताईला जास्तच परका वाटू लागला. आई दार ढकलू लागली आणि मी, माझं कामच ते, घट्ट होत गेले. मग खारूताईला एक युक्ती सुचली. खरी आई रस्त्यानं येताना दिसेल. तिनं गॅलरीचं दार उघडलं आणि खुर्ची ओढायला लागली.

खुर्चीचे पाय फरशीवर खरवडले. तो आवाज दाराबाहेर गेला आणि आईचं ओरडणं एकदम बंद झालं. मला सगळं दिसत होतं. खुर्ची कठड्याला टेकली. छोटे पाय वर चढले. मला ओरडायचं होतं, पण लाकडाला कुठला आवाज?

आणि खालून शीळ आली. लांब, मोठी. खारूताई वाकता वाकता थबकली. पुढचं मला खारूताईच्या तोंडून पुष्कळदा ऐकायला मिळालं आहे. टोळीवाल्यानं वर पाहिलं होतं. तो धावत आला नाही, की ओरडला नाही. तो सरळ भर रस्त्यात मांडी घालून बसला आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवले. मागे गाड्या भोंगे वाजवत होत्या. तो ढिम्म. खारूताई खुदकन हसली आणि तीही खुर्चीवर बसली. हात डोक्यावर. त्यानं नाक धरलं, तिनं नाक धरलं.

इकडे आईला वडिलांचा कारखाना आठवला. घट्ट बसलेली पाचर ढकलून सुटत नाही. आधी तिच्यावरचा भार काढावा लागतो. तिनं ढकलणं थांबवलं. दार स्वतःकडे ओढून धरलं, सदा जवळ असणाऱ्या कामाच्या पिशवीतली लोखंडी पट्टी फटीतून आत सरकवली आणि माझ्या पातळ टोकाला हळूच रेटलं. मी सुटले. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

आईनं लेकीला कडेवर घेतलं तेव्हा खाली तो माणूस उठला, पॅन्ट झटकली आणि वर बघून आईला बोट नाचवून दाखवलं. भाषा कळत नव्हती, पण खरडपट्टी कुठल्याही भाषेत कळते. आईनं मान खाली घालून ऐकून घेतली. त्यानंतरही बाजारात ती बॅग पोटाशीच धरायची, आणि बरोबरच होतं ते. पण कोपऱ्यावर आता ती थांबायची, आणि खारूताई डोक्यावर हात ठेवायची.

घरी आल्यावर आजोबांनी सगळं ऐकलं. मग त्यांनी माझ्या जाड टोकाला भोक पाडलं, दोरी ओवली आणि नातीला आधी मला ओढून काढायला शिकवलं. तिघांनी मिळून एक खूणही ठरवली. दोन टकटक, आणि मग नखानं खार खरवडते तसं खरवडायचं.

त्यालाही खूप वर्षं झाली. आजोबा गेले. आईचे प्रवास थांबले. मी स्वयंपाकघराचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून उघडं धरून ठेवत होते. धूळ खाल्ली, लाथा खाल्ल्या, फडक्यानं कधी कुणी पुसलं नाही.

आज आईनं मला धुतलं. खारूताई एकटीच निघाली आहे, लांबच्या देशात शिकायला. त्या देशाचं नाव काढलं की शेजारी आवाज खाली आणतात. आई खोलीत शिरली, दार लावलं, मला खाली सारलं आणि लेकीची बॅग भरता भरता डोळे पुसू लागली. बाहेर दोन टकटक झाली. मग नखाचं खरवडणं.

मित्रांनो, दार घट्ट लावायला जरूर शिका. पण ते कुणासाठी आणि कसं उघडायचं, हे आपल्या माणसांशी आधी ठरवून ठेवा. आणि परक्या रस्त्यावर निदान एक तरी चेहरा ओळखीचा करून ठेवा.

आईनं वाकून माझी दोरी ओढली.