बंद पडलीच पाहिजे

माझं डोकं फिरायला फार काही लागत नाही. त्या सकाळी तर आमच्या ह्यांनी चहाचा कप खाली ठेवता ठेवता सांगितलं, "जीप विकून टाकू या."

मी गुरांची डॉक्टर. माझं निम्मं काम ओढ्यापलीकडे आणि ओढ्यावर पूल नाही. गेल्या खेपेला ओढ्याच्या मधोमध इंजिनात पाणी शिरलं आणि जीपने मान टाकली. ट्रॅक्टरने ओढून काढेपर्यंत मी टपावर बसून होते. नंतर नणंदेने इंजिन दुरुस्त केलं, पण ह्यांनी मनात धरलं ते धरलंच. जीप गेली की पलीकडची सगळी गुरं वाऱ्यावर.

"आधी मला विका, मग जीप," असं सुनावून मी तडक नणंदेचं गॅरेज गाठलं.

नणंद म्हणाली, "वहिनी, इंजिन हवा घेतं बॉनेटखालून. तिथे पाणी पोचलं की संपलंच. आपण हिचं नाक टपापर्यंत नेऊ." म्हणजे बाजूच्या पत्र्याला मोठं भोक पाडायचं आणि जाड नळी काचेच्या कडेने वर चढवायची.

नळी बसली तेव्हा हेही आले, हात मागे बांधून, नाक मुरडत. "सोंड दिसतेय."

"दिसू दे. तुम्हाला काय तिच्याबरोबर फोटो काढायचाय?"

नणंदेने इंजिन चालू केलं आणि मला शिडीवर चढवलं. खालून म्हणाली, "वहिनी, आता तोंड बंद करा."

"मी कुठे काय बोलले?" मी भडकले.

"तुमचं नाही हो, नळीचं."

डब्याचं सपाट झाकण मी नळीच्या तोंडावर घट्ट दाबलं. इंजिन आपलं खुशाल चालू. ह्यांचा चेहरा खुलला. "छान! बंद नाही पडली."

नणंदेचा मात्र उतरला. "दादा, बंद पडलीच पाहिजे. वरचं तोंड मिटूनही चालतेय, म्हणजे दुसरीकडून हवा घेतेय. जिथून हवा शिरते तिथून पाणीही शिरणार."

ह्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जीप विकल्यातच जमा.

नणंदेने बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि थोड्या वेळाने जीभ चावली. एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाला छोटं भोक होतं, ते बुजवायचं तीच विसरली होती. तिने रबरी बूच ठोकलं. मी पुन्हा झाकण दाबलं. ते आत असं ओढलं गेलं की मला उचलता येईना. इंजिन अडखळलं, थरथरलं आणि ठप्प झालं.

मी शिडीवर आणि नणंद खाली, दोघी नाचायच्या बाकी होतो. "गाडी बंद पडली म्हणून खूश होणाऱ्या बायका आजच पाहिल्या," हे पुटपुटले.

"चला, बसा," मी म्हटलं आणि गाडी थेट ओढ्याकडे घेतली.

पाणी हेडलाइटपर्यंत चढलं. इंजिनाचा सूर जराही बदलला नाही. ह्यांनी समोरची दांडी दोन्ही हातांनी धरली होती. पलीकडच्या काठावर थांबलो, तरी ती सोडवेना.

"त्या दिवशी ट्रॅक्टर येईपर्यंत मी काठावर नुसता उभा होतो," ते हळूच म्हणाले. "तू पाण्यात आणि मला पोहता येत नाही. जीप विकणं एवढंच माझ्या हातात होतं."

इतक्या वर्षांच्या संसारात मी ह्यांना नाही नाही त्यावरून बोलले असेन, पण पोहता येतं का, हे कधी विचारलं नव्हतं. माझे डोळे भरून आले.

"मग, विकायची?"

"नको," ते म्हणाले. "पण मला पोहायला शिकव."

मी हो म्हटलं. शिकवताना अजिबात चिडणार नाही, असंही कबूल केलं. त्यावर मात्र त्यांचा काडीचा विश्वास बसला नाही.