नारळासाठी उघडं ठेवलेलं झाकण

मित्रांनो, रोज माझ्यावर पाय देऊन तुम्ही शाळेत जाता, तरी माझी ओळख तुम्हाला कुणी करून दिली नसेल. मी पाथर्डीकडच्या एका गावातल्या गटाराचं जुनं झाकण आहे. नाक धरू नका. मी लोखंडाचा, मला वास नाही. खाली आहे ती घाण तुमचीच आहे.

नगरच्या एका भट्टीत मला ओतलं. टेम्पोतून आम्ही तिघं भाऊ इथं आलो. शाळेपासून वेशीकडं बावीस-बावीस पावलांवर आम्हाला बसवलं. मधला मी.

मच्छिंद्र आणि बन्सी हे ठेक्यावरचे सफाई कामगार. गटार तुंबलं की ते आम्हा तिघांनाही उघडत. बांबूच्या कामट्या एकीला एक बांधून पहिल्या झाकणाखालच्या खड्ड्यातून, म्हणजे चेंबरातून, सारत. त्या माझ्या खालून पुढं जात आणि तिसऱ्या चेंबरात निघत. गाळ पुढं ढकलला जाई, कोंडलेला विषारी वायू निघून जाई. माणसाला आत उतरावंच लागत नसे. मच्छिंद्र म्हणायचा, "तीन उघडी, तर भ्या न्हाई." तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटे.

मग निधी आला. भुयारी गटार नवं करायचं आणि वर काँक्रीटचा रस्ता. कागदावर गटार आधी होतं. पण गटार कुणाला दिसत नाही, रस्ता दिसतो. म्हणून दिवाळीच्या आत रस्ता झाला. माझे दोन्ही भाऊ त्याखाली गाडले गेले. मी तेवढा वाचलो. का? गटाराच्या कामाचा नारळ माझ्याजवळ फोडायचा होता म्हणून. नारळ फुटला, हार पडले, फोटो निघाले. माझ्या खाचांत खोबऱ्याचे तुकडे अडकले, ते मुंग्यांनी नेले. गटाराचं काम अजून सुरू व्हायचं आहे.

कार्तिकात गटार तुंबलं. एकाच झाकणातून कामट्या वळेनात. मुकादम आबासाहेब म्हणाले, "उतरावं लागंल." माणसाला गटारात उतरवायला कायद्याची बंदी आहे, हे त्यांना ठाऊक होतं. बन्सी उतरला. दोर मच्छिंद्राच्या हातात होता. मी शेजारी उताणा पडलो होतो. थोड्या वेळानं दोर सैल झाला आणि मग जड झाला. बन्सीला वर काढलं तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं.

संक्रांतीच्या आठवड्यात घाण पाणी पुन्हा वर आलं. ते अंगणवाडीच्या उंबऱ्याला लागलं. आबासाहेबांनी मच्छिंद्राला बोलावलं. तो आला, पण त्याच्या आधी त्याची बायको गोजरबाई आली आणि माझ्यावर मांडी घालून बसली.

"वहिनी, उठा. गटारावर हळदीकुंकू मांडलंय का?"

"व्हय. तुमच्या मंडळीलाबी धाडा. वाण म्हनून ह्येच झाकण देते."

जमलेले लोक हसले. आबासाहेब हसले नाहीत.

"पोरांच्या दारात पाणी शिरलंय, वहिनी."

"दिसतंय मला. बन्सीभावजी गेले तवा तुमी हितंच हुता ना?"

"हुतो."

"मंग आज दोर कोन धरनार? तुमी का म्या?"

"मशीन मागितलंय नगरहून."

"मंग मशीन यीस्तवर ती दोन झाकनं उघडा."

"रस्ता फोडू? आवंदाच झालाय. माझी नोकरी जाईल."

"नोकरीच जाईल ना? रस्त्याचं भोक शिमिटानं बुजतंय. भावजींच्या घरातलं बुजवून दावा."

मच्छिंद्रानं माझ्यापासून शाळेच्या बाजूला पावलं मोजली. बाविसाव्या पावलावर थांबला आणि पहार घातली. दुपार कलली तेव्हा लोखंडावर लोखंड वाजलं. तो आवाज माझ्या भावाचा होता. मग तो वेशीच्या बाजूला गेला, पुन्हा बावीस पावलं मोजली. तिन्हीसांजेला आम्ही तिघंही उघडे होतो. कामट्या आरपार गेल्या, पाणी ओसरलं. कुणी उतरलं नाही.

आठ दिवसांनी मच्छिंद्राला नोटीस आली. नव्या रस्त्याचं नुकसान केलं म्हणून. बन्सी मेला तेव्हा कुणालाही नोटीस आली नव्हती. मच्छिंद्र आता घरी बसून आहे. पण आहे.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं मी म्हणत नाही. मी गंजलो तरी चालेल. पुन्हा निधी येईल, पुन्हा कुणी माझ्यापाशी नारळ घेऊन उभं राहील. तुम्हाला शाळेतून टाळ्या वाजवायला आणतील. टाळ्या वाजवू नका. माझ्यापासून बावीस पावलं मोजा, दोन्हीकडं. तिथं झाकण दिसलं नाही, तर मोठ्यानं विचारा, "आता कुणाला उतरवणार?"