तीनदा विचारल्याशिवाय

"मी बरा आहे, मानांग. तुमचा वेळ घेतला, माफ करा."

पडद्यावरची ही ओळ वाचून रिझलिनचं डोकंच उठलं. मानांग म्हणजे थोरली ताई. मदतवाहिनीवर लिहिणारी निम्मी पोरं तिला असंच म्हणत, नाव माहीत नसताना. आणि विसाव्या मिनिटाच्या सुमाराला जवळजवळ सगळीच हेच लिहीत, बरा आहे, माफ करा.

ती फिलिपिन्समधल्या इलोइलोला मानसशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला होती. दर रविवारी सकाळी चार तास, मियागावच्या घरात, स्वयंपाकघरालगतच्या खोलीत ती लॅपटॉप उघडून बसायची. फुकट, स्वतःच्या हौसेने. जीव नकोसा झालेली माणसं फोनवरून लिहीत, ही उत्तर देई, आणि मनिलात बसलेल्या पर्यवेक्षक मॅम ओडेट दोघांचं सगळं वाचत. नियमांचं पुस्तक परदेशातून आलेलं. 'तू सुरक्षित आहेस का' हे एकदाच, सरळ विचारायचं. 'हो' आलं की चौकोनात खूण करायची आणि निरोप घ्यायचा. एका माणसाला पंचेचाळीस मिनिटं. रांगेत बाकीचे असतात.

रांग खरी होती, तिच्याशी रिझलिनचं भांडण नव्हतं. भांडण त्या 'हो'शी होतं. पुस्तक लिहिणाऱ्यांच्या देशात विचारल्याबरोबर माणूस खरं सांगत असेल, सांगो बापडा. इथे कुणाच्या दारावरून जाताना आतला माणूस "या जेवायला" म्हणतो, आणि दोन दिवसांचा उपाशीसुद्धा "पोट भरलंय" म्हणून पुढे जातो. दुसऱ्या बोलावण्यालाही थांबत नाही. तिसऱ्यांदा कुणी हाताला धरलं तर कुठे पायरी चढतो. पहिल्याच हाकेला ताटावर बसणाऱ्या पोराला आई घरी नेऊन धपाटा घालते. अशा मुलखात एकदा विचारून खूण करायची म्हणजे उपाशी माणसाला दारातूनच हात हलवून वाटेला लावायचं.

गेल्या महिन्यात तिने तशीच एक खूण केली होती. ती मुलगी पुन्हा लिहायला आली नाही. का आली नाही, हे कळायची सोय नव्हती. मॅम ओडेटनी तेव्हा शेरा दिला होता, "उत्तम, एकोणीस मिनिटं." तो शेरा रिझलिनला अजून टोचत होता.

आजचा मुलगा एकोणीस वर्षांचा. जहाजावरच्या नोकरीसाठी शिकणारा, तियाकडे, म्हणजे आपल्या मावशीकडे राहणारा. परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झालेला. बाप भर समुद्रात, त्याला अजून पत्ता नाही. 'मी नसलो तर सगळ्यांचं ओझं उतरेल,' असं त्याने सुरुवातीला लिहिलं होतं, आणि आता म्हणे तो बरा होता.

पडद्याच्या कोपऱ्यात मॅम ओडेटची सूचना उगवली. उत्तर मिळालं आहे, आता आवरतं घ्या.

"जेवायला ये गं," आईने आतून हाक मारली. "त्या डब्यातल्या जावयालाही घेऊन ये." लॅपटॉपला चिकटलेल्या पोरीला आई असंच चिडवायची.

"भूक नाही, नानाय." रिझलिनने मान न वळवता सांगितलं आणि मुलाला तोच प्रश्न पुन्हा टाकला.

खरंच बरा आहे, त्याने लिहिलं, मानांगने काळजी करू नये. तेवढ्यात मॅम ओडेटनी विचारलं, प्रश्न पुन्हा कशाला, खूण का केली नाही. रिझलिनचा संताप संताप झाला. ज्याने खरं बोलायचं तो गप्प, आणि जिने गप्प बसायचं ती लिहितेय. एकोणचाळीस मिनिटं झाली होती. तिने मॅम ओडेटची खिडकी मिटली.

"तू जेवायला नको म्हटल्यासारखं बोलतोयस," तिने लिहिलं. "मीही इकडचीच आहे, मला कळतं. तिसऱ्यांदा विचारतेय. आज जीव द्यायचा विचार मनात आहे का?"

त्याने दोनदा लिहून पुसल्याचं पडद्यावर दिसलं. मग आलं, "आहे. सकाळपासून आहे."

निदान खरं बाहेर आलं, तिला बरं वाटलं. तिने घरात कोण आहे ते विचारलं. तिया होती, मासे तळत होती. तिने जेवायला दोनदा बोलावलं होतं आणि त्याने दोन्ही वेळा पोट भरलंय म्हणून सांगितलं होतं. शेवटचा जेवला होता काल दुपारी.

"आता हाक आली की उठ," रिझलिनने लिहिलं. "मला सांगितलंस तेच तिला सांग. ताटावर बसायच्या आधी."

"तिने तिसऱ्यांदा बोलावलंच नाही तर?"

'तर तू आपणहून जा, मी इथे' एवढं तिने लिहून पाठवलं आणि संभाषण आपोआप बंद झालं. पंचेचाळीस मिनिटं भरली होती.

ती मॅम ओडेटवर तुटून पडली. उघडा, आत्ता उघडा. मॅम ओडेटनी शांतपणे कळवलं की मुलाला तातडीच्या पथकाकडे सोपवलं आहे, ते फोन करतील. एकच प्रश्न तीनदा विचारला आणि स्वतःचा ठावठिकाणा सांगितला म्हणून रिझलिनला दोन आठवडे काम बंद, नंतर पुन्हा प्रशिक्षण.

"फोनवर तो बरा आहे असंच म्हणेल," रिझलिनने लिहिलं. "त्यांना तीनदा विचारायला सांगा."

ती त्या संभाषणाची नोंद उघडून बसून राहिली; त्याने काही लिहिलं तर तिथे दिसलं असतं. पाच मिनिटं, सात मिनिटं. आईची दुसरी हाक आली, तिने पुन्हा नको म्हटलं. मग नोंदीच्या तळाला एक ओळ उमटली.

"तिया दारात आलीय, मानांग. सांगतो."

उत्तराचा चौकोन करडा पडला होता. तरी रिझलिनने त्यात बोटं आपटून पाहिली, एक अक्षर उठलं नाही. शाबास एवढंही म्हणता येऊ नये, याचा तिला इतका राग आला की डोळे भरले.

आई दाराशी आली. तिने पोरीला दंडाला धरून उठवलं आणि ताटावर बसवलं. तुरीचे दाणे, फणस आणि डुकराच्या मांसाचं कालवण होतं.

"काय झालं?" आईने विचारलं.

"काही नाही, नानाय. ठीक आहे मी."

आईने भात वाढला, त्यावर कालवण घातलं, समोर बसली आणि पुन्हा विचारलं.