न चमकणारं विमान

“अगं बाई, ह्यात तर भांग पाडता येईल!” विमानाच्या पंखात स्वतःला न्याहाळत आई म्हणाली.

तिथेच माझं धाबं दणाणलं. गोडदेवच्या आमच्या गणेश मंडळाने यंदा देखाव्याला रडारला चकवणारं लढाऊ विमान ठरवलं होतं आणि मी इंजिनीअरिंगला, म्हणून त्याचा आराखडा माझ्या गळ्यात पडला होता. प्लायवूडचं, तिरप्या कडांचं. रडारच्या लहरी आल्या तशा परत न जाता भलतीकडे फेकल्या जाव्यात असा आकार. रंग मात्र बाबांचा. गाड्या रंगवण्यात काशीनाथ पेंटरचा हात कोणी धरू शकत नव्हतं. गॅरेज बंद पडल्यापासून घरात बसून कावलेले बाबा या कामाला असे भिडले, की मी सांगितलेला मंद काळा रंग मारून झाल्यावर त्यांनी हौसेने वर लॅकर मारलं आणि पॉलिशच्या कंपाउंडने घासून त्याचा आरसा केला. संध्याकाळी देखावा स्पर्धेचे परीक्षक येणार होते.

मंडळाचा अध्यक्ष जितेश डोकं धरून बसला. “मिनल, हे विमान आहे की नवरदेवाची गाडी? काकांना तूच सांग. मी नाय बोलणार.”

ही चकाकी घालवावी लागेल, असं मी बाबांना सांगितलं.

“रडारला चकाकी कळते?” बाबांनी विचारलं.

“रडारला नाही, बाबा. माणसाच्या डोळ्यांना कळते. विमान डोळ्यांनापण दिसायला नको.”

“च्यायला! आयुष्यभर जो तो सांगत आला, काशीनाथ, चमकव. न चमकणारं मागणारी तूच पहिली.”

ते हसले, पण मला रडू यायच्या बेतात होतं. इतका देखणा रंग मी आजवर पाहिला नव्हता आणि तो घालवायला मीच सांगत होते.

जितेश घासायला पुढे झाला. “तू हात नको लावू, ओरखडे पाडशील,” म्हणत बाबांनी बादलीभर पाणी आणि त्यात भिजवून घासायचा वॉटर पेपर मागवला. दुपारभर ते एका लयीत घासत राहिले. मध्येच थांबून पंखावरून हात फिरवायचे आणि पुन्हा घासायला लागायचे. चकाकी गेली, कोळशासारखा मऊ काळा रंग उरला. आई चहा ठेवून गेली.

परीक्षक आले. “अगदी खरं वाटतंय हो! रंगकाम कोणाचं?”

“माझ्या बाबांचं!” मी जवळजवळ ओरडलेच. वळून पाहिलं तर बाबा जागेवर नव्हते.

परीक्षक गेल्यावर ते सापडले. स्टँडवरच्या विमानाखाली ताडपत्रीवर उताणे पडले होते. मी वाकून आत डोकावले. विमानाचं अख्खं पोट अजून लखलखत होतं. त्यात गणपतीपुढची समई दिसत होती आणि बाबांचे पांढरे केस.

“बाबा, हे घासायचं राहिलं?”

“राहिलं नाय, ठेवलंय,” ते म्हणाले आणि सरकून त्यांनी माझ्यासाठी जागा केली.