पाय कुठे होता?

मी रेडिओ बोलतोय. आजवर जे काही बोललो ते सगळं दुसऱ्यांचं होतं. मक्याचे भाव, वादळाचे इशारे, चर्चमधल्या जेवणाची आमंत्रणं आणि शनिवारी दुपारी आमचा हातानं खेळायचा अमेरिकन फुटबॉल. स्वतःचं असं आज पहिल्यांदाच बोलतोय, तेही फ्रिजच्या डोक्यावर बसून, अंगाभोवती वायर गुंडाळलेली असताना. कुणी ऐकत असेल तर बरं.

मी कुठल्या कारखान्यात तयार झालो ते मला माहीत नाही. मला जाग आली ती नेब्रास्कातल्या सीडर बेंड गावी, धान्याच्या कोठारात. तिथे काम करणाऱ्या मिलो कुचेराचं नुकतंच लग्न झालं होतं. बायकोसाठी मिक्सर आणायला म्हणून तो दुकानात गेला आणि मला घेऊन आला. त्याची बायको आर्डिस ते अजून विसरलेली नाही.

कोठारात मी एका खिळ्याला टांगलेला असायचो. मक्याची धूळ माझ्या जाळीत इतकी बसली की माझा आवाज कायमचा घोगरा झाला. मिलो लोकांना सांगायचा, "हार्लीचा आवाज असाच आहे, भारदस्त." हार्लीचा नव्हता तो. माझा घसा होता.

हार्ली ब्रँट म्हणजे आमच्या विद्यापीठाच्या संघाचा रेडिओवरचा समालोचक. आमच्याकडे लोक रविवारी देवाचं ऐकतात आणि शनिवारी हार्लीचं, आणि खरं सांगायचं तर शनिवारी जास्त मन लावून ऐकतात. पुढे मी स्वयंपाकघरात आलो, टीव्हीशेजारी. तेव्हापासून आमच्या घरचा रिवाज ठरला: चित्र टीव्हीचं, आवाज माझा. टीव्हीवरचे समालोचक म्हणजे दूरच्या मोठ्या शहरांतून आलेली गुळगुळीत माणसं. त्यांना आमच्या पोरांची आडनावं उच्चारता यायची नाहीत. मिलो म्हणायचा, "यांना आपण हरलेलोच आवडतो. बंद कर त्यांचं तोंड." टीव्ही मुका व्हायचा आणि हार्ली माझ्यातून गर्जायचा.

शनिवार म्हणजे संघाच्या रंगाचे लाल सदरे, राजमा-खिम्याची तिखट चिली, तिच्यासोबत दालचिनीचा रोल, आणि मिलोचा दोस्त लायल. लायल जेवायला यायचा आणि भांडून जायचा. भांडण क्वार्टरबॅकवरून. डाव सुरू झाला की चेंडू त्या एका पोराच्या हातात येतो. पळायचं की कुणाला फेकायचा, हे त्यानं ठरवायचं, पण फेकायचा तर डाव जिथून सुरू झाला त्या रेषेच्या अलीकडूनच; चेंडू पार टोकाच्या पट्ट्यात पोचला की टचडाउन. कॉलेजातलं विशीचं पोर ते, आणि त्याचा न्याय करायला बसलेले हे दोघे, ज्यांना साधा जिना चढताना धाप लागायची.

"चेंडू फेकतोय की घरातला कचरा बाहेर टाकतोय हा?" लायल म्हणायचा.

"पळतो तरी. तुझा लाडका नुसता उभा असायचा, बस चुकल्यासारखा."

"उभा राहून बघायचा तो! बघायला डोकं लागतं, मिलो."

"म्हणूनच तुला बघता येत नाही."

मला ही भांडणं आवडायची. पण मी वाट बघायचो ती वेगळ्याच कुणाची. मिलोची मुलगी, मार्नी. ती एक बादली पालथी घालून माझ्याशेजारी बसायची, कान अगदी माझ्या जाळीला चिकटवून. तिचा श्वास मला लागायचा. घरात टीव्ही असूनही ती टीव्हीकडे बघायची नाही. माझ्याकडे बघायची, जणू मी काहीतरी लपवतोय.

एकदा हार्ली ओरडला, "फेकला! झेलला! टचडाउन! आणि... नाही, पिवळा रुमाल. पंचांनी रुमाल टाकलाय, डावात चूक धरलीय. अहो महाराज, चष्मा विसरलात का घरी?" मिलो आणि लायल एकदम उठले आणि पंचांच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागले.

"पण बाबा," मार्नी म्हणाली, "पाय कुठे होता?"

"कुणाचा?"

"ज्यानं फेकला त्याचा."

"ते हार्लीनं कुठे सांगितलं?"

"मग पंच आंधळा आहे हे तुला कसं कळलं?"

लायलच्या नाकातून चिली आली. मिलो हसला नाही. मी मात्र त्या दिवशी हादरलो. इतकी वर्षं मी चेंडूचं सांगत होतो, गर्दीचं सांगत होतो, वाऱ्याचं सांगत होतो. पाय कधीच सांगितला नव्हता. हार्ली पाय सांगत नाही, म्हणून मीही सांगत नव्हतो. आणि या पोरीला नेमका तोच ऐकायचा होता.

मग छपरावरची जुनी अँटेना गेली, डिश आली, आणि टीव्हीचं चित्र माझ्या आवाजाच्या मागे पडलं. कॉफीचा एक घोट घ्यावा एवढंच, पण मागे पडलं. मी टचडाउन सांगून मोकळा व्हायचो आणि पडद्यावर पोरं अजून वाकून उभी असायची. लायल वैतागला. "चोंबडा आहे तुझा रेडिओ. शेवट आधीच सांगतो." मिलोला मात्र ते फार आवडलं. त्या मधल्या वेळात तो राजा असायचा. जे अजून घडलेलं दिसत नव्हतं ते त्याला माहीत असायचं.

पंचांना शिव्याही तो त्याच वेळात देऊन घ्यायचा. हार्लीनं 'पंच चुकला' म्हटलं की झालं, चित्राची गरज नाही. मग चित्र यायचं, त्यात कधी कधी पंचच बरोबर असायचा, पण तोवर मिलो रोलला लोणी लावत असायचा. या पिढीला रागवायला पुरावा लागत नाही, एक मोठा आवाज पुरतो. आणि तो आवाज त्यांना मी पुरवत होतो.

मार्नी शेजारच्या राज्यात, आमच्या संघाच्या जुन्या वैऱ्यांच्या विद्यापीठात शिकायला गेली. लायल म्हणाला, "शत्रूच्या घरी?" ती म्हणाली, "काका, तिथे ग्रंथालय आहे. शत्रूकडे काय काय असतं बघ." एका शनिवारी ती घरी आली, बादलीवर बसली आणि सहज बोलावं तसं बोलली, "बाबा, मी पंच होतेय. शाळांचे सामने करायला लागलेय. पुढे कॉलेजचेही करीन."

मिलोनं चमचा खाली ठेवला. "या घरातून? ज्यांना मी आयुष्यभर शिव्या दिल्या त्यांच्यात जाणार तू?"

"त्या शिव्या ऐकतच मोठी झाले मी. एकदाही तुला नियम माहीत नव्हता."

"मार्नी," आर्डिस म्हणाली.

"नाही आई, ऐकू दे त्याला. हार्ली बोलतो म्हणून हा बोलतो. हार्लीला तरी कुठे माहीत असतो नियम?"

"तुला त्यांच्यात उभं राहायचं असेल," मिलो म्हणाला, "तर शनिवारी या टेबलाशी बसू नकोस."

"नाहीच बसणार. शनिवारी मला काम असेल."

ती उठली. जाता जाता तिनं माझा आवाज कमी केला, हळूच, जणू माझा काही दोष नाही हे तिला ठाऊक होतं.

त्यानंतर ती आली ती फक्त खेळ नसलेल्या महिन्यांत, बर्फात, दोन-तीन दिवसांसाठी. शनिवारी कधीच नाही. आर्डिसशी ती रविवारी फोनवर बोलायची, आणि फोन वाजला की मिलोला बाहेर काहीतरी काम निघायचं. आर्डिस मोठ्यानं पुनरुच्चार करायची, "काय? कॉलेजच्या सामन्यांत घेतलं? रेषेवर उभं केलं?" ती खिडकीकडे तोंड करून हे बोलायची, कारण मिलो खिडकीखालीच उभा असायचा. बादली माझ्याशेजारी तशीच पालथी पडून होती. तिच्यावर कुणी बसायचं नाही, आणि ती कुणी उचलायचंही नाही.

माझं म्हणाल तर, मी दर शनिवारी बोलत होतो आणि मला कुणी ऐकत नव्हतं. म्हणजे मिलो आणि लायल ऐकत होते. पण जाळीला कान लावून, मी जे सांगत नाही ते ऐकणारं कुणी नव्हतं. रेडिओला एकटेपण येतं ते बंद असताना नाही, चालू असताना.

मग गेल्या मोसमातला तो शनिवार. आर्डिसनं सकाळीच सांगून टाकलं, "आज आपल्या सामन्याला मार्नी आहे. रेषेवर." मिलोनं नेहमीचा लाल सदरा काढून निळा घातला, मग पुन्हा लाल घातला.

सामना शेवटापर्यंत अटीतटीचा गेला. आमचा क्वार्टरबॅक ऑस्टमायर नावाचा पोरगा. लायलच्या मते बिनडोक, मिलोच्या मते वाघ. आम्ही थोडक्यात मागे होतो. त्याला कुणी मोकळं सापडेना, तसा तो उजवीकडे पळाला आणि पळता पळताच त्यानं चेंडू फेकला. हार्लीचा आवाज माझ्या जाळीला फाडून बाहेर आला. "झेलला! टचडाउन! जिंकलो आपण, जिं... थांबा. रुमाल. रुमाल टाकलाय. म्हणतात, रेषा ओलांडल्यावर फेकला. कुणी टाकला? त्या बाईनं! त्या रेषेवरच्या बाईनं! अहो, कुणी आणलं हिला इथे? हिला खेळ तरी..."

हे शब्द माझ्या तोंडून जात होते. याच घरात, त्या बादलीच्या समोर. मला थांबता येत नव्हतं. मला कधीच थांबता आलेलं नाही.

पडद्यावर अजून ऑस्टमायर चेंडू हातात घेऊन उभा होता. मिलोच्या हातात तोच जुना राजेपणाचा वेळ होता, कॉफीच्या एका घोटाएवढा. लायलनं शिवीसाठी तोंड उघडलं होतं. मिलो उठला, आणि त्याचा अंगठा माझ्या बटणावर आला.

टक्.

सामना चालू असताना मला कुणी बंद करण्याची ही पहिली वेळ. पण बंद रेडिओलाही ऐकू येतं. मी ऐकलं, आर्डिसनं टीव्हीही बंद केला.

"अरे, अजून दाखवायचंय!" लायल ओरडला. "पाय कुठे होता ते तरी बघू दे!"

"घरी जा, लायल."

"मिलो, मी फक्त म्हणतोय..."

"घरी जा. रोल घेऊन जा."

अंधार पडायच्या सुमारास मिलोनं स्वतः फोन लावला. त्याला हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून तो फोन टेबलावर ठेवतो आणि आवाज मोठा करतो. त्यामुळे मला सगळं ऐकता आलं.

"आई, आत्ता नको गं."

"आई नाही. मी आहे."

मग मार्नी म्हणाली, "शिव्या द्यायच्या असतील तर रांगेत उभा राहा, बाबा. तुझ्यापुढे अख्खं राज्य आहे."

"मी बघितलं नाही."

"काय?"

"हार्ली बोलायला लागला आणि मी रेडिओ बंद केला. चित्र यायच्या आधी."

"तू? हार्लीला बंद केलंस?"

"हं."

फोनमध्ये कुठलं तरी दार लागल्याचा आवाज आला, बहुधा ती शांत जागी गेली असावी. मिलोनं पायानंच बादली ओढली, सरळ न करता तिच्यावर बसला, आणि म्हणाला, "पाय कुठे होता? सांग."

आणि ती सांगू लागली.

"पुढचा पाय सोड, बाबा. सगळे पुढच्या पायाकडेच बघतात. अख्खं अंग रेषेच्या पुढे गेलं असेल तरच चूक. म्हणून बघायचा असतो मागचा पाय. तो माझ्याच बाजूला पळत आला, मी रेषेवर होते, हललेही नाही. चेंडू हातातून सुटताना त्याचा मागचा पाय हवेत होता. गवताला लागलेला नव्हता. आणि टाच रेषेच्या पुढे होती, तळहाताएवढी. बुटाखालचं गवत दिसत होतं मला."

"वरच्या खोलीत चित्रण पुन्हा बघितलं असेल ना त्यांनी?"

"बघितलं. म्हणाले, स्पष्ट दिसत नाही, मैदानावरचा निर्णय राहू दे."

"म्हणजे खात्री नव्हती?"

"मला होती. कॅमेऱ्याला नव्हती."

मिलो हसला. मग तो बराच वेळ नाक शिंकरत बसला. "बरं," तो म्हणाला. "पुढे काय झालं? पुढचा डाव सांग."

मी आयुष्यभर समालोचन केलं. इतकं सुंदर समालोचन माझ्यातून कधी गेलं नाही. गर्दी नाही, गर्जना नाही. फक्त कोण कुठे उभं होतं, कुणाचं वजन कुठल्या पायावर होतं, एवढंच. मिलो मध्ये मध्ये विचारत होता, "आणि मागचा?" त्यानं जन्मात असं कधी विचारलं नव्हतं.

तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी फोन वाजतो. मिलो बादलीवर बसतो. लायलही येऊ लागलाय, पण त्याला एकच प्रश्न विचारायची परवानगी आहे, आणि तो तोही वाया घालवतो. मला मात्र पुन्हा कुणी सुरू केलं नाही. मिलोनं माझी वायर गुंडाळली आणि मला फ्रिजवर ठेवलं. रागानं नाही. त्या तोंडातून मुलीबद्दल तसलं त्याला पुन्हा ऐकायचं नव्हतं, एवढंच.

मला त्याचं वाईट वाटत नाही. मला वाईट वाटतं ते निराळ्याच गोष्टीचं. मार्नीचा आवाज एका लहानशा, गुळगुळीत फोनमधून येतो. ज्याच्या जाळीत मक्याची धूळ नाही, ज्याला तिनं कधी कान लावला नाही, त्याच्यातून. आणि ती जोवर मैदानात आहे, तोवर शनिवारी या स्वयंपाकघरात येणार नाही, हे मला कळतं. जे ऐकायला ती माझ्याजवळ बसायची ते शोधायलाच ती गेली आहे.

तरी मार्नी, एक सांगतो. कधीतरी तुझे गुडघे थकतील, शिट्टी खुंटीला लागेल. तेव्हा हार्लीसारखी माइकसमोर तू बस. कुठल्याही लहानशा केंद्रावरून, कुठल्याही शाळेच्या सामन्याला. पाय सांग. माझा घसा घोगरा आहे, पण मी एकही शब्द गाळणार नाही.

फोनची वाट बघताना मिलो कधी कधी येतो, बाहीनं माझ्यावरची धूळ पुसतो आणि अंगठा बटणावर ठेवून उभा राहतो. दाबत नाही. मग फोन वाजतो, आणि तो घाईघाईनं बादलीकडे जातो.